जागा असून प्रवेश नाही

संगणकातील फोल्डरला पुष्कळदा पेटीची उपमा देतात. पण ती फसवी आहे. फाइलीचा मजकूर फोल्डरमध्ये नसतोच. तो चकतीवर अन्यत्र, कधी कधी तर तुकड्यातुकड्यांनी विखुरलेला असतो. फोल्डर म्हणजे केवळ यादी. फाइलीचे नाव व ती कोठे सापडेल याचा ठावठिकाणा त्या यादीत असतो. तलाठ्याच्या दप्तरात शेत नसते, शेताची नोंद असते, तसेच हे. वहीची पाने संपली, की जमीन कितीही शिल्लक असो, नवी नोंद कोठे करावयाची?

फ्लॉपी चकतीच्या काळात असा प्रसंग खरोखरच येई. १.४४ मेगाबाइटच्या चकतीवर 'फॅट' पद्धतीने मुख्य यादीसाठी १४ खंड राखलेले असत. प्रत्येक खंड ५१२ बाइटांचा आणि प्रत्येक नोंद ३२ बाइटांची. म्हणजे एका खंडात १६ नोंदी आणि सर्व मिळून २२४. कोणी एकेका ओळीच्या २२४ फाइली त्या यादीत ठेवल्या, तर २२५वी फाइल चकती नाकारी. आणि तीही मजकुरासाठी असलेल्या २,८४७ घरांपैकी २,६२३ घरे रिकामी असताना!

यावर उपाय होता तो पोटफोल्डरचा. त्याची यादी साध्या फाइलीसारखी साठवली जात असल्यामुळे ती वाढू शके. पुढे १९९५ मध्ये 'विंडोज ९५'ने लांब नावांची सोय केली आणि मुख्य यादीची अडचण उलट वाढली. लांब नावातील दर १३ चिन्हांमागे एक जादा नोंद खर्ची पडू लागली. नावे ऐसपैस झाली, फाइलींची संख्या मात्र घटली. नंतरच्या 'फॅट ३२'मध्ये मुख्य यादीही वाढती झाली. तरी एका फोल्डरला ६५,५३६ नोंदींची मर्यादा उरलीच.

'एनटीएफएस' पद्धतीत ही मर्यादा सुमारे ४२९ कोटींपर्यंत गेली आहे. परंतु मर्यादा दूर गेली म्हणून शोधण्याचे श्रम संपत नाहीत. फॅटच्या यादीत एक नाव हुडकण्यासाठी आरंभापासून एकेक नोंद तपासावी लागते. एनटीएफएस नावे क्रमाने, झाडाच्या फांद्यांप्रमाणे मांडते; त्यामुळे थोड्या पायऱ्यांत नाव सापडते. तथापि सर्व नावे पडद्यावर दाखवावयाची झाल्यास तिलाही वेळ लागतोच.

म्हणून जाणते रचनाकार मर्यादा येण्यापूर्वीच वाटणी करतात. लिनस टोरवाल्ड्स यांनी २००५ मध्ये सुरू केलेल्या 'गिट' या प्रणालीत प्रत्येक वस्तूला सोळा चिन्हांच्या लिपीतील लांब नाव मिळते. त्यातील पहिली दोन चिन्हे फोल्डरचे नाव होतात. त्यामुळे सुट्या फाइली एकाच ठिकाणी न साचता २५६ फोल्डरांत जवळजवळ सारख्या वाटल्या जातात.