मेंदूतील रक्तस्राव आणि रक्तातील दाहाचे आकडे

मेंदूच्या तळाशी धमन्यांना जेथे फाटे फुटतात, तेथे एखाद्या धमनीची भिंत कमकुवत होऊन बाहेर फुगते, आणि या फुगवट्याला वैद्यकशास्त्रात अॅन्युरिझम म्हणतात. सुमारे ३ टक्के प्रौढांमध्ये असा फुगवटा असतो आणि बहुतेकांना त्याचा आयुष्यभर पत्ताही लागत नाही; मात्र तो फुटला, तर रक्त मेंदू आणि त्यावरील जाळीदार आवरण यांच्यामधल्या पोकळीत पसरते, क्षणार्धात असह्य डोकेदुखी उठते आणि अनेकदा शुद्ध हरपते. पक्षाघाताच्या एकूण रुग्णांत या विकाराचे प्रमाण जेमतेम ५ टक्के असले, तरी तो बहुधा पन्नाशीच्या आसपास, म्हणजे कर्त्या वयात गाठतो आणि वाचलेल्यांपैकी अनेकांना कायमचे अपंगत्व देऊन जातो.

रुग्ण कितपत सावरेल, याचा अंदाज प्रामुख्याने त्याचे वय, दाखल होतानाची शुद्धीची पातळी आणि सीटी स्कॅनमध्ये दिसणारे रक्ताचे प्रमाण यांवरून बांधला जातो. १९६८ची हंट-हेस श्रेणी रुग्णाची प्रत्यक्ष अवस्था पाहते, तर १९८०ची फिशर श्रेणी स्कॅनमधील रक्त पाहते. या श्रेणी पहिल्या दिवसाचे चित्र देतात, पण आजार तेथेच संपत नाही. फुटलेला फुगवटा क्लिपने किंवा कॉइलने बंद केल्यानंतरही साधारण चौथ्या ते चौदाव्या दिवसाच्या दरम्यान सुमारे ३० टक्के रुग्णांमध्ये मेंदूच्या काही भागांचा रक्तपुरवठा अपुरा पडतो आणि सुधारत असलेला रुग्ण पुन्हा खालावतो. एकाच श्रेणीतील दोन रुग्णांच्या वाटा येथे वेगळ्या होतात, आणि ही फारकत आधी ओळखता यावी म्हणून संशोधकांचे लक्ष रक्तातील दाहाच्या खुणांकडे वळले.

सांडलेल्या रक्तातील तांबड्या पेशी फुटल्या की त्यांतील हिमोग्लोबिन आणि त्याचे विघटित घटक मेंदूतील संरक्षक पेशींना चेतवतात. त्या इंटरल्यूकिन-६ सारखी संदेशवाहक प्रथिने सोडतात, आणि त्यांच्या प्रभावाने यकृत सी-रिअॅक्टिव्ह प्रोटीन, म्हणजेच सीआरपी, मोठ्या प्रमाणात तयार करू लागते. १९३० साली न्यूमोनियाच्या रुग्णांच्या रक्तात प्रथम आढळलेले हे प्रथिन आज कोणत्याही प्रयोगशाळेत मोजता येते. त्याच वेळी शरीरावरील ताणामुळे कॉर्टिसॉल वाढते, न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशी रक्तात अधिक संख्येने उतरतात आणि लिम्फोसाइट घटतात.

या दोन पेशींचे गुणोत्तर काढायला नेहमीचा सीबीसी अहवाल पुरेसा होतो. अहवालात न्यूट्रोफिल ६० टक्के आणि लिम्फोसाइट ३० टक्के असतील, तर गुणोत्तर २ येते आणि ते निरोगी माणसात अपेक्षित असते. तेच आकडे ८४ आणि ८ झाले, तर गुणोत्तर साडेदहावर जाते. दाखल होताना हे गुणोत्तर किंवा सीआरपी जास्त असलेल्या रुग्णांच्या गटात पुढील गुंतागुंत आणि अपंगत्व अधिक आढळते, असे अनेक अभ्यासांत दिसून आले आहे. अपंगत्व मोजण्यासाठी सहसा सुधारित रँकिन मापन वापरतात, ज्यात ० म्हणजे कोणताही त्रास नाही आणि ६ म्हणजे मृत्यू.

गटाला लागू पडणारे हे निरीक्षण एका रुग्णाला लावताना मात्र अडचणी येतात. रक्तस्राव जितका मोठा तितका दाहही जास्त असल्यामुळे, वाढलेला आकडा पुष्कळदा श्रेणीने आधीच सांगितलेली गोष्ट पुन्हा सांगत असतो. शिवाय व्हेंटिलेटरवरील रुग्णाला झालेला न्यूमोनिया सीआरपी वाढवतो, डेक्सामेथासोनसारखी स्टिरॉइड औषधे न्यूट्रोफिल वाढवतात, आणि नमुना पहिल्या दिवशी घेतला की तिसऱ्या, यावरही आकडा बदलतो. त्यामुळे सर्व रुग्णालयांना चालेल अशी एकच धोक्याची मर्यादा अद्याप ठरलेली नाही.

दाहाशी संबंध आढळला म्हणून दाह शमवल्याने रुग्ण सुधारेलच, असेही गृहीत धरता येत नाही. रक्तवाहिन्यांच्या अस्तराचे रक्षण करणारे आणि दाह कमी करणारे म्हणून सिमव्हास्टॅटिनकडून मोठ्या अपेक्षा होत्या, परंतु २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या ‘स्टॅश’ या चाचणीत त्याचा लाभ दिसला नाही. मेंदूचा रक्तपुरवठा अपुरा पडून होणारी हानी टाळण्यासाठी आजही २१ दिवस दिले जाणारे निमोडिपिन हेच प्रमुख औषध आहे.

गुणोत्तर चढे असलेल्या रुग्णाची शुद्ध, रक्तदाब आणि हातापायांची ताकद अधिक वारंवार तपासणे, संसर्ग शोधणे आणि शंका येताच पुन्हा स्कॅन करणे, इतका या आकड्याचा आजचा रास्त उपयोग आहे. त्याच्या आधारावर उपचार आखडते घेतले, तर रुग्ण त्यामुळेच खालावेल आणि चुकीचे भाकीतही खरे ठरल्यासारखे दिसेल. म्हणून नातेवाइकांशी बोलतानाही वय, श्रेणी आणि स्कॅन हाच अंदाजाचा पाया ठेवून रक्तातील आकड्याला पूरक पुराव्याचे स्थान देणे योग्य ठरते.