‘साभार परत’ पाठविणारा संपादक

लाकडाच्या लगद्याचा खरखरीत स्वस्त कागद आणि आत गोष्टीच गोष्टी! फ्रँक मन्सी या अमेरिकन प्रकाशकाने १८९६ साली आपल्या ‘आर्गसी’ मासिकाला हे रूप दिले, आणि पुढे अशा सगळ्याच मासिकांना त्या कागदावरून ‘पल्प’ हे नाव चिकटले. वाचावे आणि टाकून द्यावे, एवढीच त्यांची प्रतिष्ठा. मग त्यांचे संपादक कोण लक्षात ठेवणार? तरीही फार्न्सवर्थ राइट हे नाव विसरले जाऊ नये, असे आम्हांस वाटते.

भुताखेतांच्या व अद्भुत कथांना वाहिलेले ‘वियर्ड टेल्स’ हे मासिक १९२३ च्या मार्चमध्ये शिकागोत निघाले आणि वर्षभरातच कर्जात बुडाले. संपादकपद एच. पी. लव्हक्राफ्ट यांना देऊ केले होते. पण शिकागोला बिऱ्हाड हलविण्याची त्यांची तयारी नव्हती. १९२४ च्या अखेरीस ती खुर्ची राइट यांच्याकडे आली. पहिल्या महायुद्धात सैन्यात दुभाष्याचे काम केलेला, वृत्तपत्रात संगीतसमीक्षा लिहिणारा हा उंच, सडपातळ गृहस्थ कंपवाताने ग्रासलेला होता. पुढे पुढे तर स्वतःची सही करणेही त्यांस कठीण झाले.

राइट यांची नजर तीक्ष्ण, पण निर्णय मोठे चंचल. लव्हक्राफ्ट यांची ‘द कॉल ऑफ क्थुल्हू’ ही कथा त्यांनी आधी परत पाठविली आणि मग फेब्रुवारी १९२८ च्या अंकात छापली. आज त्या लेखकाचे नाव काढले की प्रथम तीच आठवते! १९३१ मध्ये ‘अ‍ॅट द माउंटन्स ऑफ मॅडनेस’ ही दीर्घकथा साभार परत आली, तेव्हा मात्र लव्हक्राफ्ट यांच्या मनाला फार लागले. ती १९३६ मध्ये दुसऱ्याच मासिकात प्रसिद्ध झाली. उलट ऑगस्ट १९२८ च्या अंकात राइट यांनी एका सतरा वर्षांच्या मुलाची कथा छापली. तो मुलगा म्हणजे पुढे नाटककार म्हणून गाजलेला टेनेसी विल्यम्स. सी. एल. मूर या अज्ञात लेखिकेची ‘शँब्लो’ ही पहिलीच कथा वाचल्यावर त्यांनी आनंदाने त्या दिवशी कचेरी बंद ठेवली, असे सांगतात.

गुणग्राहकता होती, पैसा नव्हता. मानधन कथा छापून आल्यावर, आणि मंदीच्या वर्षांत तेही महिनोन्‌महिने थकलेले. याची झळ सर्वांत अधिक बसली ती रॉबर्ट हॉवर्ड यांना. टेक्सासमधील एका लहानशा गावात राहून त्यांनी ‘कोनन’ हा रानटी वीर निर्माण केला. १९३२ च्या डिसेंबरपासून तो या मासिकात अवतरला. घरी आई क्षयाने अंथरुणाला खिळलेली. मे १९३५ मध्ये हॉवर्ड यांनी राइट यांना पत्र लिहून थकबाकी मागितली. छापून झालेल्या कथांचेच आठशेहून अधिक डॉलर येणे होते! पत्रात राग नव्हता, अजीजी होती. ११ जून १९३६ रोजी, आई शुद्धीवर येणार नाही हे कळल्यावर, वयाच्या तिसाव्या वर्षी त्यांनी स्वतःवर गोळी झाडून घेतली. तेव्हाही मासिकाकडून मोठी रक्कम येणेच होती. या मृत्यूचे खापर थकबाकीवर फोडणे अन्यायाचे होईल. पण ते पत्र वाचल्यावर मन अस्वस्थ होते, हेही खरे.

१९३८ मध्ये मासिक विकले गेले आणि न्यूयॉर्कला हलले. १९४० च्या आरंभी राइट यांचे पद गेले, आणि त्याच वर्षीच्या जूनमध्ये ते वारले. त्यांच्या जागी आलेल्या डॉरोथी मॅकिल्‌रेथ यांनी तो अंक १९५४ पर्यंत चालविला.