छोट्या नौकेला मोठे वजन का लागते?

हुडकेश्वर, नागपूर येथून समुद्र शेकडो किलोमीटर दूर आहे. तरीही शीडनौकेचे विज्ञान येथल्या शाळेत शिकता येते; त्यासाठी मीटरभर लांबीची नौका आणि पाण्याचे टाके पुरेसे आहे. राष्ट्रीय छात्रसेनेच्या नौदल शाखेचे छात्र जहाजांच्या प्रतिकृती बनवतात, त्यांच्या अखिल भारतीय नौसैनिक शिबिरात प्रतिकृतींची स्पर्धाही असते. रेडिओ-नियंत्रित शीडनौकांच्या शर्यती तर अनेक देशांत होतात. अशी नौका बांधताना एक प्रश्न हमखास पुढे येतो.

हुबेहूब प्रतिकृती उलटते

समजा, विद्यार्थ्यांनी १० मीटर लांबीच्या नौकेची १ मीटर लांबीची हुबेहूब प्रतिकृती केली. पाण्यात सोडताच वाऱ्याच्या झोताने ती आडवी होते. 'आपले काम कच्चे राहिले' असे मुलांना वाटते आणि उत्साह मावळतो. परंतु दोष हातांचा नसतो, प्रमाणाचा असतो.

लांबी १० पट कमी झाली की शिडाचे क्षेत्रफळ १०० पट कमी होते. वारा मात्र तोच असतो, म्हणून शिडावरचा जोरही १०० पटच कमी होतो. हा जोर ज्या उंचीवर लागतो ती १० पट कमी. म्हणजे नौकेला कलंडवणारे आघूर्ण १,००० पट कमी झाले. आता सावरणारे आघूर्ण पाहू. वजन घनफळाप्रमाणे १,००० पट कमी होते आणि त्याचे तरफेचे अंतर १० पट कमी. एकूण १०,००० पट. म्हणजे सावरण्याची ताकद कलंडण्याच्या मानाने दहापट दुबळी झाली.

उपाय एकच : जड वजन खूप खोल लावायचे. 'इंटरनॅशनल वन मीटर' हा १९८८ मध्ये सुरू झालेला वर्ग पाहा. नौकेच्या कायेची लांबी जास्तीत जास्त १ मीटर आणि एकूण वजन किमान ४ किलोग्रॅम असावे लागते. त्यांपैकी २.२ ते २.५ किलोग्रॅम, म्हणजे निम्म्याहून अधिक वजन, तळाखालच्या पात्यात व त्याच्या टोकाच्या शिशाच्या गोळ्यात असते. हा गोळा पाण्याच्या पातळीखाली सुमारे ४० सेंटिमीटरवर असतो. त्यामुळे उथळ किंवा जलपर्णीने भरलेल्या तळ्यात अशी नौका चालत नाही.

बांधणी

काया लाकडाची किंवा काचतंतू व इपॉक्सी राळेची करतात. या वर्गात कायेसाठी महाग कार्बन तंतू चालत नाहीत. पैशाने शर्यत जिंकता येऊ नये हा हेतू. रेडिओने दोनच गोष्टी हलवायच्या : सुकाणू आणि शिडांच्या दोऱ्या. वेग कितीही हवासा वाटला तरी लाटांचे बंधन असते. १ मीटर लांबीच्या लाटेचा वेग सेकंदाला सुमारे १.२५ मीटर असतो. त्यापलीकडे जाऊ पाहणारी १ मीटरची नौका स्वतःच उठवलेल्या लाटेवर चढू लागते आणि विरोध झपाट्याने वाढतो. म्हणून तिचा नेहमीचा वेग माणसाच्या चालण्याएवढाच, ताशी साडेचार किलोमीटरच्या आसपास असतो.

दुरुस्ती आणि तोल

काया तडकली तर ती आधी पूर्ण वाळवावी, भोवतालचा भाग पॉलिशपेपरने घासावा आणि काचतंतूचे कापड इपॉक्सीने चिकटवावे. हे काम हवेशीर जागी, हातमोजे घालून करावे. शिसे शाळेत वितळवू नये. ते विषारी आहे.

समजा, नाळेजवळ, मध्यापासून ४० सेंटिमीटरवर ३० ग्रॅमचे ठिगळ बसले. नौका पुढे झुकेल. मागे वजन वाढवण्यापेक्षा १२० ग्रॅमची बॅटरी १० सेंटिमीटर मागे सरकवावी. ३० × ४० आणि १२० × १० हे गुणाकार सारखेच, १,२०० येतात. तोल सावरतो आणि जादा भार चढत नाही.

मोजमाप

शर्यतीपूर्वी नौकेचे वजन, लांबी, खोली आणि शिडे मोजून प्रमाणपत्र देतात. ४ किलोग्रॅमची नौका ४ लिटर गोडे पाणी बाजूला सारते. समुद्राचे खारे पाणी सुमारे ३.९ लिटरच. खाऱ्या पाण्यात ती थोडी वर तरंगते, म्हणून पाणी कोणते हेही पाहावे लागते. पाण्याच्या पातळीवरील कायेचा छेद १,१०० चौरस सेंटिमीटर असेल, तर १०० ग्रॅम वाढताच नौका सुमारे ०.९ मिलिमीटर बुडते. एवढ्याशा फरकाचाही हिशेब ठेवला, तरच शर्यत नाविकाच्या कौशल्याची ठरते.

वर्गात करून पाहा

प्लॅस्टिकच्या बाटलीला खाली फूटपट्टी व वर काठी घट्ट बांधा. फूटपट्टीला लोखंडी नट ५, १० आणि १५ सेंटिमीटर खोलीवर आळीपाळीने लावा. काठीचे टोक स्प्रिंगकाट्याने आडवे ओढून ठरावीक कोनापर्यंत कलवायला किती जोर लागतो ते नोंदवा. खोली व जोर यांचा आलेख विद्यार्थ्यांनाच काढू द्या. आपली पहिली नौका का उलटली, हे त्यांना त्यातूनच उमगेल.