कोपी, खोपी आणि सोळा पानांचा फर्मा

छापखान्यात पान एकच्या शेजारी पान दोन नसतं, हे मला नोकरीच्या पहिल्या आठवड्यात कळलं. एका मोठ्या कागदावर सोळा पानं छापायची, तर एकच्या शेजारी सोळा येतं, चारच्या शेजारी तेरा. अशा प्रत्येक जोडीची बेरीज सतरा. कागदाला घड्या पडल्या की पानं आपापल्या जागी जाऊन बसतात. या कागदाला फर्मा म्हणतात. असे फर्मे एकावर एक रचून शिवले की पुस्तक होतं.

मी धारूर तालुक्यातल्या डोंगरातल्या गावची. राज्यात सर्वांत जास्त ऊसतोड मजूर बीड जिल्ह्यातून जातात, त्यांत आमचं घरही. दसरा झाला की आई-अण्णा टोळीबरोबर निघायचे, पाडव्याच्या आसपास परतायचे. मी आजीपाशी राहून शिकले. घरात पुस्तक म्हणजे शाळेचं, आणि शाळेचं म्हणजे बालभारतीचं. २७ जानेवारी १९६७ रोजी पुण्यात स्थापन झालेली ही संस्था मराठीसह आठ भाषांत पाठ्यपुस्तकं काढते. शाळेत तिचं ‘किशोर’ मासिकही कधीमधी यायचं. पुस्तक कुणीतरी बनवतं, हा विचार मात्र तेव्हा मनात आला नव्हता.

आज पुण्यातल्या एका मोठ्या प्रकाशनसंस्थेत मी मुद्रितशोधक आहे. चौदा वर्षं झाली. पहिली दोन वर्षं बाहेरून काम करायचे, पानाला अमुक इतके. आईला ते पटकन कळलं. म्हणाली, ‘आमचं टनावर, तुझं पानावर व्हय?’

लोकांना वाटतं, लेखक लिहितो आणि प्रकाशक छापतो. मधे किती माणसं असतात! संपादक मजकूर तपासतात, लेखकाशी बोलून बदल करतात. मग अक्षरजुळणी, चित्रं, मांडणी. पहिलं प्रूफ, दुसरं प्रूफ, लेखकाचं प्रूफ, शेवटचं प्रूफ. प्लेट, छपाई, घडी, शिलाई, कटाई, गोदाम. मोठ्या संस्थेत यातला प्रत्येक टप्पा वेगळ्या माणसाकडे असतो, आणि एकाला उशीर झाला की सगळ्यांना होतो. शाळा जूनमध्ये उघडतात, म्हणून शाळेची पुस्तकं मेपर्यंत गोदामातून निघायला हवीत. आमचा खरा जोर दिवाळीनंतर. ऑफिसात सगळे त्याला हंगामच म्हणतात. तो शब्द ऐकला की मला अजून बैलगाड्या दिसतात.

शेवटचं प्रूफ आम्ही जोडीनं वाचतो. एकानं मूळ प्रत मोठ्यानं वाचायची, विरामचिन्हांसकट: ‘अवतरण सुरू, स्वल्पविराम, नवा परिच्छेद.’ दुसऱ्यानं लाल पेनानं प्रूफावर खुणा करायच्या. आपल्या शुद्धलेखनाचे चौदा नियम १९६२ सालचे, आणखी चार १९७२ सालचे. ते अठरा नियम माझ्या टेबलाच्या काचेखाली आहेत. फूल दीर्घ, पण फुलाचा ऱ्हस्व. वीट दीर्घ, पण विटेचा ऱ्हस्व. जुन्या फॉन्टातला मजकूर युनिकोडात आणला की रफार कधी भलत्याच अक्षरावर जाऊन बसतो, तेही बघायचं. मन अर्थात गुंतलं की डोळा अक्षर सोडून पुढं पळतो, म्हणून अवघड पान मी उलट्या क्रमानं, शेवटच्या ओळीपासून वर वाचते.

तरी चुकतं. एकदा गणिताच्या सरावपुस्तकात मागच्या उत्तरांत ८४ चं ४८ झालं. चार जणांच्या नजरेखालून ते पान गेलं होतं. शेवटची सही माझी होती. आष्टीकडच्या एका गुरुजींचं पत्र आलं: बरोबर उत्तर काढलेल्या पोरानं पुस्तक बघून आपलं उत्तर खोडलं. ते वाक्य मी विसरलेले नाही. गोदामात उरलेल्या प्रतींवर दुरुस्तीच्या चिठ्ठ्या चिकटवायला मी दोन दिवस जाऊन बसले. बारीक टायपात छापलेली ती ८४ ची चिठ्ठी, आणि बोटांना लागलेली खळ. पण ज्या प्रती आधीच गेल्या होत्या, त्यांच्यापर्यंत चिठ्ठी कशी पोचणार?

शाळेच्या सहलीत आम्हाला अंबाजोगाईला नेलं होतं. तिथं संतकवी दासोपंतांची पासोडी आहे. कापडावर लिहिलेलं ‘पंचीकरण’, अख्खं एका माणसाच्या हातचं. तेव्हा मी कापडाची लांबीच बघत राहिले. आता वाटतं, त्या माणसाला प्रूफ नव्हतं. लिहिलं ते तसंच उतरलं.

गेल्या हंगामात मुलांच्या एका पूरक वाचनाच्या पुस्तकात ऊसतोडीच्या तळावरची गोष्ट आली. लेखकानं लिहिलं होतं, ‘आई कोपीच्या दारात चूल पेटवत होती.’ पहिल्या प्रूफात कुणीतरी ‘कोपी’चं ‘खोपी’ केलं. दुसऱ्यात मी परत ‘कोपी’ केलं. तिसऱ्यात ‘कॉपी’ होऊन आलं. मी उठून संपादक मॅडमकडे गेले. त्यांनी शब्दकोश काढला. खोपी शुद्ध, मुलांना कळेल, असं त्यांचं म्हणणं, आणि ते चूक नव्हतं. मी म्हटलं, ‘मॅडम, पाचटाची, बांबूच्या कमानीची, वाकून आत जावं लागतं अशी झोपडी असते ती. फडावरचं कुणी तिला खोपी म्हणत नाही. ज्या पोरांचे आई-बाप आत्ता तिथं आहेत, ती हे पुस्तक वाचणार आहेत.’ त्यांनी दोन मिनिटं प्रूफ हातात धरलं. मग विचारलं, ‘आत किती माणसं झोपतात?’ मी सांगितलं. शब्द राहिला.

यंदा त्या पुस्तकाची दुसरी आवृत्ती निघते आहे. परवा प्रूफ टेबलावर आलं. पान एकवीस, समासात पेन्सिलनं बारीक अक्षरात: ‘खोपी?’ नवीन मुलगा आहे, हाताला चांगला आहे. मी ‘कोपी’खाली टिंबं दिली, समासात ‘आहे तसे ठेवा’ लिहिलं, आणि चहाच्या सुट्टीत त्याला बोलावून कागदावर कमान काढून दाखवली.