कोडिंग कशाला शिकायचं? धारावीच्या मुलींचं उत्तर आपल्या वाड्यांनाही लागू

नेरळ : दहावी-बारावीचा निकाल लागला की कर्जत-खालापूरच्या घराघरांत एक वाक्य हमखास ऐकू येतं, ‘कम्प्युटरचं काहीतरी करून ठेव.’ काहीतरी म्हणजे बहुतेक वेळा एमएससीआयटी. २००१ साली स्थापन झालेल्या एमकेसीएलचा हा कोर्स गावोगाव पोचला. सरकारी भरतीत त्याचं प्रमाणपत्र चालतं, म्हणून आजही पोरं तो करतात. त्यात वाईट काही नाही. पण तिथे संगणक वापरायला शिकवतात, आणि कोडिंग म्हणजे संगणकाला काम सांगायला शिकणं. पॉवर टिलर चालवणारे गावात दहा असतात, उघडून दुरुस्त करणारा एखादाच. फरक तोच आहे.

मग हे शिकायचं कशाला? नोकरी हे उत्तर तयारच असतं. दुसरं उत्तर लोकलने सायनला उतरलं की जवळच सापडतं, धारावीत. नवनीत रंजन या चित्रपट बनवणाऱ्या माणसाने तिथल्या मुलींसोबत ‘धारावी डायरी’ हा उपक्रम चालवला. २०१४ च्या सुमारास या शाळकरी मुली मोबाईलचे ॲप बनवायला शिकल्या. विषय त्यांनी बाहेरून आणले नाहीत. नळावर पाण्याच्या रांगेत तासन् तास जातात, म्हणून एकीकडे ‘पानी’ नावाचं ॲप झालं. रांगेत नंबर मोबाईलवर लावायचा आणि आपली पाळी आली की कळायचं. दुसरं ‘वुमन फाइट बॅक’. रस्त्यात कुणी छेड काढली तर मोठा भोंगा वाजायचा, घरच्यांना मेसेज जायचा आणि आपण कुठे आहोत ते कळायचं.

पाण्याची रांग आपल्याकडे नाही का? माथेरानच्या पायथ्याच्या वाड्यांत एप्रिल-मे महिन्यात हंडे घेऊन कोण फिरतं, ते सगळ्यांना माहीत आहे.

याहून जवळचं उदाहरण वीटभट्टीचं घ्या. पावसाळा सरला की कातकरी कुटुंबं भट्टीवर जातात. आधी उचल घेतलेली असते, मधे आठवड्याला खर्ची मिळते आणि विटांचा भाव हजारी ठरलेला असतो. शेवटी हिशोब मालकाच्या वहीत. समजा, उचल ३०,००० रुपये. खर्ची आठवड्याला १,०००, आठवडे २४, म्हणजे २४,०००. एकूण घेतले ५४,०००. विटा पाडल्या ७० हजार, भाव हजारी ८०० रुपये, म्हणजे मजुरी ५६,०००. कुटुंबालाच २,००० रुपये यायला हवेत. पण वही हातात नसली तर ‘अजून बाकी आहे, पुढच्या सालाला या’ एवढंच कानावर पडतं.

हा हिशोब संगणकाला सांगणं हेच कोडिंग. विटा किती ते विचार, हजाराने भाग, भावाने गुण. उचल आणि खर्ची यांची बेरीज कर. मजुरी जास्त असेल तर ‘मालकाकडून येणे’ दाखव, कमी असेल तर ‘बाकी’ दाखव. दहा-बारा ओळींचं काम आहे. त्यातला ‘असेल तर’ हाच सगळ्या कोडिंगचा कणा. बेंगळुरूच्या मोठ्या कार्यालयात बसलेल्याला हे ॲप सुचणार नाही, कारण त्याला खर्ची म्हणजे काय तेच माहीत नाही. भट्टीवर लहानपण गेलेल्या सातवी-आठवीच्या मुलीला मात्र सुचू शकतं.

यंत्र कोण बनवतं यावर ते कुणाला ओळखणार, हे ठरतं. जॉय बुओलाम्विनी ही कृष्णवर्णीय तरुणी अमेरिकेत एमआयटीत शिकत होती. चेहरा टिपणाऱ्या यंत्रणेला तिचा चेहराच दिसेना. पांढरा मुखवटा घातल्यावर दिसला! ती त्याच्या मागे लागली. चेहरा पाहून बाई की पुरुष हे सांगणाऱ्या तीन कंपन्यांच्या यंत्रणा तपासून २०१८ मध्ये तिने एका सहकारी संशोधिकेसोबत निष्कर्ष छापले. गोऱ्या पुरुषांच्या बाबतीत चूक शंभरात एकाहूनही कमी, काळ्या-सावळ्या बायकांच्या बाबतीत ३४ पर्यंत.

आपल्या भाषेचंही तेच. ‘शेतकऱ्यांना’ हा शब्द अनेक ठिकाणी ‘शेतकर्यांना’ असा छापलेला दिसतो. र चा पाय मोडून य जोडला की संगणक वर रफार देतो. हिंदीचं त्यावाचून अडत नाही, मराठीचं अडतं. ‘ॲप’ मधलं ‘ॲ’ हे अक्षर तर जगभरच्या संगणकांच्या अक्षरयादीत, म्हणजे युनिकोडमध्ये, २००८ साली आलं. तोवर अ वर चंद्र चिकटवून भागवावं लागे.

मुलींना हे जमणार नाही, असं म्हणणारे अजून भेटतात. १९४६ साली जगापुढे आलेल्या एनिॲक या अवाढव्य संगणकाला काम सांगणाऱ्या सहाही जणी बायका होत्या, एवढं त्यांना सांगावं. डिग्रीच लागते, हेही पूर्ण खरं नाही. तमिळनाडूत तेनकाशीजवळच्या खेड्यात झोहो कंपनीने २०११ मध्ये कार्यालय काढलं. २००५ पासून चालणारी त्यांची शाळा बारावी आणि डिप्लोमा झालेल्यांना घेते आणि शिकताना विद्यावेतनही देते. आपल्याकडे मात्र २०२० साली नव्या शैक्षणिक धोरणाने सहावीपासून कोडिंग म्हटलं आणि सहा वर्षांच्या पोरांना कोट्यधीश करायच्या जाहिराती सुरू झाल्या. अशा महागड्या क्लासच्या नादी लागायचं कारण नाही.

धारावीच्या मुलींनी एमआयटीचं ‘ॲप इन्व्हेंटर’ वापरलं. ते फुकट आहे. त्यात ओळी टाइप कराव्या लागत नाहीत, रंगीत ठोकळे एकमेकांत अडकवायचे असतात. थोडं इंग्रजी वाचता यावं लागतं, ही अडचण आहेच. दुसरी अडचण संगणकाची. घरोघर मोबाईल आहे, पण ठोकळे जुळवायला संगणक आणि इंटरनेट लागतं. तयार झालेलं ॲप मात्र साध्या अँड्रॉइड फोनवर चालवून बघता येतं. चौघींत एक संगणक असला तरी चालतो. हिशोब आधी वहीत मांडायचा, तिघींनी तो तपासायचा आणि मग चौथीने ठोकळे जोडायचे.