तंत्रज्ञान क्षेत्रातील स्त्री-नेतृत्व : उत्तरदायित्वाचा प्रश्न

तंत्रज्ञानाच्या शिक्षणात स्त्रियांचा प्रवेश झाला. तथापि निर्णयप्रक्रियेतील त्यांचे स्थान आजही मर्यादित आहे. या संदर्भात डॉ. टेसी थॉमस यांची कारकीर्द अभ्यसनीय ठरते. केरळमध्ये अभियांत्रिकीची पदवी घेऊन त्यांनी पुण्याच्या इन्स्टिट्यूट ऑफ आर्मामेंट टेक्नॉलॉजी या संस्थेत क्षेपणास्त्र विषयाचे पदव्युत्तर शिक्षण घेतले. १९८८ मध्ये त्या संरक्षण संशोधन व विकास संस्थेत रुजू झाल्या. डिसेंबर २०१० मध्ये अग्नी-२ प्राइमची चाचणी अयशस्वी ठरली. त्याच क्षेपणास्त्राचे सुधारित रूप असलेल्या अग्नी-४ ची चाचणी नोव्हेंबर २०११ मध्ये यशस्वी झाली, तेव्हा त्या प्रकल्प-संचालक होत्या.

यावरून असे दिसते की, नेतृत्वासाठी विषयाचे सखोल ज्ञान आवश्यक असले तरी पुरेसे नाही. जेथे अपयशाची शक्यता आहे अशा कामाचे उत्तरदायित्वही मिळावे लागते. म्हणून केवळ समन्वय व अहवाललेखन यांत न गुंतता मूळ तांत्रिक काम मागून घेणे स्त्रियांच्या हिताचे ठरते. प्रसूती लाभ कायद्यातील २०१७ च्या दुरुस्तीने पहिल्या दोन अपत्यांसाठी २६ आठवड्यांची सवेतन रजा दिली. परंतु रजेनंतर पूर्वीचेच काम हाती राहील, याची तजवीज रजेपूर्वीच करावी लागते.

या प्रश्नाचा आरंभ महाविद्यालयातच होतो. विद्यार्थ्यांच्या गट-प्रकल्पात मुलगे यंत्रजोडणी करतात व मुलींकडे अहवाल येतो, ही विभागणी अनेकदा सहजच घडते. ती मोडणे सर्वस्वी मार्गदर्शक प्राध्यापकाच्या हाती असते.