आगकाडी आणि व्हॉल्व्हची नळी

बदलापूरच्या कुळगावातल्या मुलांना जडत्व पुस्तकातून शिकायची गरज नाही. सकाळची लोकल बदलापूर सोडते तेव्हा दांडी न धरलेला माणूस मागच्यावर आदळतो आणि अंबरनाथला ब्रेक लागला की तोच पुढे झुकतो. तरीही सहावीत 'बल व बलाचे प्रकार' आणि नववीत 'गतीचे नियम' येतात ते व्याख्या म्हणूनच. मुलं त्या पाठ करतात आणि परीक्षेनंतर विसरतात.

माझ्या शाळेत कप्पी होती, स्प्रिंगकाटा होता, उतरणीची फळीही होती. पण सगळं काचेच्या कपाटात, कुलूप लावून. तपासणीच्या दिवशी तेवढं बाहेर यायचं. मोडेल म्हणून कुणाला हात लावू देत नसत. साध्यासुध्या वस्तूंतून विज्ञानाची खेळणी बनवणाऱ्या अरविंद गुप्तांचं साहित्य मला लाखमोलाचं वाटतं ते यासाठी, की ते मोडलं तरी चालतं.

गुप्ता 1975 साली आयआयटी कानपूरमधून बाहेर पडले आणि पुण्यात टेल्को या मोटार कंपनीत लागले. 1978 मध्ये रजा घेऊन ते मध्य प्रदेशातल्या होशंगाबादला गेले. तिथे 1972 पासून 16 शाळांत विज्ञान हाताने करून शिकवण्याचा प्रयोग चालू होता. आठवडी बाजारात मिळणारी सायकलच्या व्हॉल्व्हची रबरी नळी त्यांनी हेरली. आगकाडी तिच्यात घट्ट बसते.

नळीचा बोटाच्या पेराएवढा तुकडा घ्या आणि दोन्ही तोंडांतून एकेक काडी खुपसा. हवा तसा वाकणारा सांधा तयार. तीन काड्यांचा त्रिकोण करून दाबून पाहा, तो आकार सोडत नाही. चार काड्यांचा चौकोन मात्र बोट लावताच कलंडतो. सुईने किंवा बाभळीच्या काट्याने समोरासमोरच्या दोन सांध्यांना भोक पाडून मधे पाचवी काडी घाला. दोन त्रिकोण होतात आणि डगमग थांबते. यानंतर रेल्वेच्या लोखंडी पुलाखालून जाताना मूल वर बघतं आणि त्रिकोण मोजू लागतं. मला विचाराल तर धडा इथेच पुरा झाला.

दुसरा प्रयोग स्ट्रॉचा. स्ट्रॉच्या मधोमध खराट्याची काडी आरपार घालायची, दोन्ही बाजूंना अर्धवट काप द्यायचा, तिथे दुमडून टोकं काडीला चिकटवायची. खालचं टोक पाण्यात बुडवून काडी तळहातांत फिरवली की पाणी वर चढतं आणि कापांतून चौफेर उडतं. वर्ग ओला होतो, होऊ द्यावा.

पुढे अकरा वर्षं गुप्ता पुण्यात आयुका या खगोलविज्ञान संस्थेच्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत होते. पु. ल. देशपांडे यांच्या नावे मिळालेल्या देणगीतून तिची वास्तू उभी राहिली. तिचं नाव 'पुलस्त्य'. सप्तर्षींतला तारा आणि पुलं दोघेही त्यात आले. 2018 साली गुप्तांना पद्मश्री मिळाली. त्यांची पुस्तकं आणि प्रयोगांच्या छोट्या फिती त्यांच्या संकेतस्थळावर मराठीतही फुकट आहेत.

आपल्या शेजारी अंबरनाथला विमकोचा आगपेट्यांचा कारखाना होता. ज्या पट्ट्यात काड्या तयार झाल्या, तिथल्या शिक्षकांनी तरी जूनमध्ये शाळा उघडताच एक आगपेटी आणि सायकलवाल्याकडून हातभर नळी घेऊन वर्गात जावं. काड्यांचं गूल आधी खरवडून टाका, आणि कपाटाची किल्ली मुलांच्या हाती द्या.